शब्द देणें आणि शब्द घेणें

३१ डिसेंबरच्या रात्रीं मंडळी मंदिरांत जमते, सरत्या वर्षाचा हिशेब देवापुढें मांडते, आणि बारा वाजल्यावर एकमेकांचे हात हातांत घेऊन घरीं जाते. त्या रात्रीं किती संकल्प होतात ह्याची गणती कोणी ठेवीत नाहीं, ही दयाच म्हणावयाची. कोणी तंबाखू सोडणार, कोणी पहाटे उठून शास्त्र वाचणार, कोणी सोसायटीचें कर्ज फेडणार, कोणी भावाशीं धरलेला अबोला मोडणार. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत ह्यांतलें किती उरतें, तें ज्याचें त्याला ठाऊक.

अलीकडे आमच्या तरुणांत एक निराळी चाल पडूं लागली आहे. संकल्पांची यादी न करतां ते सबंध वर्षासाठीं एकच शब्द निवडतात. धीर, सेवा, कृतज्ञता असा एखादा शब्द घेऊन तो मोबाइलच्या पडद्यावर किंवा दाराच्या आंतल्या बाजूस लिहून ठेवतात. "हें नवीन खूळ कोठलें?" असें वडीलधाऱ्यांपैकीं कांहींनीं आम्हांस विचारलें. प्रश्न दिसतो तितका हलका नाहीं, म्हणून त्याविषयीं येथें लिहितों.

चाल अगदीं नवी आहे असेंही नाहीं. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत हर्नहुट नांवाचें लहानसें गांव आहे. छळामुळें मोराव्हियांतून पळून आलेल्या लोकांस काउंट झिंझेंडॉर्फ ह्यांनीं आपल्या जमिनींत आसरा दिला, त्यांनीं तें वसविलें. १७२८ च्या मे महिन्यांत झिंझेंडॉर्फ ह्यांनीं सायंकाळच्या सभेंत दुसऱ्या दिवसासाठीं एक वचन दिलें. पुढें तोच परिपाठ झाला, आणि रोज सकाळीं बंधुजन त्या दिवसाचें वचन घरोघर पोहोंचवूं लागले. १७३१ सालापासून सबंध वर्षाचीं वचनें छापून निघूं लागलीं, तीं अद्याप निघतात. पूर्ण वर्षासाठीं एकच वचन नेमण्याची रीत तेथें १९३० सालीं ओटो रीथमुलर नांवाच्या पाळकांनीं घातली. ती आमच्या तरुणांच्या चालीची थोरली बहीण म्हणावी. मात्र एक भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. हर्नहुटचीं वचनें चिठ्ठ्या काढून ठरत, आणि तीं दुसऱ्याच्या पायांनीं चालत आपल्या दाराशीं येत. आपल्याला आवडलें म्हणून कोणी तें घेत नसे.

संकल्पापेक्षां शब्द बरा, असें आम्हांसही पुष्कळ दिवस वाटत असे. संकल्प मातीच्या घागरीसारखा असतो, एके ठिकाणीं तडा गेला कीं पाणी राहत नाहीं. जानेवारीच्या बाराव्या तारखेस ज्यानें चंची पुन्हां उघडली, तो म्हणतो, आतां पुढल्या वर्षीं पाहूं. आणि उरलेले साडेअकरा महिने निर्धास्तपणें तंबाखू मळतो. शब्दाचें तसें नाहीं. बाराव्या तारखेस धीर सुटला तरी तेराव्या तारखेस तोच शब्द पुन्हां उभा असतो. पडलेल्याला परत येण्यास तो वाट ठेवतो. हा गुण लहान नव्हे.

परंतु ज्याला मोडतां येत नाहीं, त्याला आपल्याविरुद्ध साक्षही देतां येत नाहीं. हें आम्ही स्वतःच्या अनुभवावरून लिहितों, आणि तो अनुभव सांगण्यास लाज वाटते.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं शांति हा शब्द घेतला. त्या वर्षीं सांगलीकडील एका मंडळींत बांधावरून कुरबूर चालली होती. एकीकडे मंडळींतला वजनदार गृहस्थ, वर्गणीच्या वेळीं हात सैल. दुसरीकडे एक विधवा, अडीच एकरांची धनीण. दर नांगरटीला बांध थोडथोडा कोरला जात होता, आणि तें आम्हांस दिसत होतें. पण आमचें वर्ष पडलें शांतीचें! आम्हीं दोघांच्याही घरीं प्रार्थना केली, दोघांसही प्रीतीनें राहण्याचा बोध केला, आणि मोजणीची गोष्ट मात्र काढली नाहीं. डिसेंबर महिन्यांत ती बाई मंदिराच्या पायरीशीं थांबली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, तुमची शांती लई ग्वाड. पर तिच्यापायी माझ्या रानातल्या दोन सऱ्या गेल्या."

त्या वर्षांत आमचा शब्द एकही दिवस मोडला नव्हता.

तेव्हांपासून कोणाही मनुष्याचें ब्रीद ऐकलें कीं आमच्या मनांत एकच विचार येतो, ह्याचें मोल कोण देत आहे? साताऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांचें नांव कोणास सांगावयास नको. ते जन्मानें जैन. तारुण्यांत किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठीं गांवोगांव हिंडलेले. सांगलीकडे दूधगांव येथें १९१० च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या आश्रमाच्या कामीं त्यांचा हात होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कराडजवळच्या काले गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. १९२७ सालीं गांधीजींनीं त्यास छत्रपति शाहूंचें नांव दिलें. स्वावलंबी शिक्षण हें त्या संस्थेचें ब्रीद. तें कळण्यासाठीं भिंतीवरील पाटी वाचावी लागत नसे. निरनिराळ्या जातींचीं मुलें एका छपराखालीं राहत, एका पंक्तीस जेवत, स्वयंपाक आणि शेतकाम स्वतः करीत. त्यांच्या हातांकडे पाहिलें तरी पुरे. भाऊराव १९५९ सालीं वारले, पण कमवा आणि शिका हे शब्द आमच्या जिल्ह्यांत आजही शेतकऱ्याचें पोर सहज बोलतें.

पण त्या ब्रीदाचें मोल प्रथम कोणी दिलें? वसतिगृहांतल्या मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले, शेवटीं मंगळसूत्रही दिलें. त्या १९३० सालींच गेल्या. शब्द पतीचा, आणि सोनें पत्नीचें. त्यांनीं तें स्वतःच्या हातानें काढून दिलें, म्हणून आज आदरानें सांगतां येतें. त्या विधवेच्या दोन सऱ्या आमच्या शांतीसाठीं गेल्या, त्या तिला विचारून गेल्या नव्हत्या.

तरुणांस आम्ही शब्द घेऊं नका असें म्हणत नाहीं. पण आपला शब्द आपणच निवडला तर बहुधा आपल्या स्वभावाच्या सोयीचाच सांपडतो. भित्र्याला शांति आवडते, तापटाला सत्य, कंजुषाला काटकसर. हर्नहुटकरांच्या चिठ्ठ्यांत शहाणपण होतें, असें आतां वाटतें.

पुढल्या ३१ डिसेंबरला आम्ही त्या बाईच्या घरीं गेलों आणि आमच्यासाठीं शब्द तिनेंच निवडावा असें म्हटलें. ती प्रथम हंसली; आपल्याला अक्षर येत नाहीं म्हणाली. मग चुलींतलें लांकूड मागें ओढीत म्हणाली, "या."

आम्ही उमजलों नाहीं.

"रविवारचं न्हाई. मोजणीवाला यील तवा बांधावर या."

तो शब्द आम्हीं घेतला. मोजणीची तारीख दोनदां बदलली. तिन्ही वेळां आम्ही बांधावर जाऊन उभे राहिलों. त्या गृहस्थानें त्या वर्षीं वर्गणी दिली नाहीं. मोजणींत दोन नव्हे, तीन सऱ्या निघाल्या.