न विचारलेली खोड

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की सगळे एकच विचारतात: बघायचं काय काय? याची उत्तरं यूट्यूबवर ढिगाने पडली आहेत. घेणाऱ्याने काय तपासावं याच्या याद्याच याद्या. पण विकणाऱ्याने काय सांगावं, याची यादी मला अजून कुठे दिसली नाही. जणू गाडीची खोड शोधणं हे घेणाऱ्याचं काम आणि ती शोधेपर्यंत गप्प बसणं हा विकणाऱ्याचा हक्क. हा हक्क त्याला दिला कुणी, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय.

मी बीड जिल्ह्यातला, पाटोदा तालुक्यातला. माझ्या मोबाईलवर गाडीचे कागद पटकन बघता येतात, म्हणून गावात कुणी जुना ट्रॅक्टर, पिकअप नाहीतर ट्रॉली बघायला निघालं की मला सोबत नेतात. आमच्याकडे अशी खरेदी जास्त करून दसऱ्याच्या आधी होते. का, ते बीडवाल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो.

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन म्हणजे चाकावरचं घर: आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, संडास. बातमी वाचताना मला आमच्या शिवारातली चाकावरची घरं आठवली. गळीत हंगाम जवळ आला की आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पार बेळगाव-बागलकोटकडे. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या आणि त्यात पीठ, भांडी, गोधड्या, कोपीचं सामान, कोंबड्या, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली लेकरं. उसाच्या फडाजवळ कोपी उभी राहीपर्यंत ती ट्रॉली हेच घर असतं. पुढचे पाच-सहा महिने त्याच ट्रॉलीतून ऊस कारखान्यावर जातो आणि हंगाम संपला की त्याच ट्रॉलीतून माणसं घरी येतात.

म्हणजे आमच्याकडे जुना ट्रॅक्टर बघायला जाणारा माणूस खरं तर घर बघायला गेलेला असतो. म्हणून आधी ते बघायचं कसं, हे सांगतो.

पहिलं म्हणजे, इंजिन चालू करायच्या आधी बॉनेट उघडून त्याला हात लावायचा. गार असेल तर ठीक. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी ते चालू करून ठेवलंय. गार इंजिन पहिल्या झटक्याला किती रडतं, हे तुम्हाला दिसू नये अशी कुणाची तरी इच्छा असू शकते. मग धूर बघायचा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर कायम येत असेल तर डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर मिस्त्रीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑइलच्या झाकणाखाली दुधी चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे.

दुसरं, गाडीच्या खाली शिरायचं. वर रंग कसाही असो, चासी खोटं बोलत नाही. तिथे गंज किती, वेल्डिंग कुठे, तडा कुठे, हे बॅटरीच्या उजेडात बघायचं. पत्र्याला लोहचुंबक लावून बघायचं. जिथे ते चिकटत नाही तिथे आत पुट्टी भरलेली असते. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात तो हूक आणि त्यातली पिन किती झिजलीय ते बघायचं. ब्रेक चढावर आणि उतारावर, दोन्हीकडे मारून बघायचे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी चांगली दिसली तरी रबराचं वय लपत नाही.

तिसरं, कागद. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर जुळतो का? ट्रॉलीची आरसी वेगळी आहे का? बँकेचं किंवा फायनान्सचं नाव अजून चढलेलं असेल तर त्यांचं एनओसी आणि फॉर्म 35. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. विमा चालू आहे का, ई-चलन किती थकलंय, तेही बघायचं. गाडीवर एमएच 23 आहे की एमएच 44, म्हणजे बीड की अंबाजोगाई, हे कळायला मोबाईल लागत नाही, पण बाकीचं बरंचसं मोबाईलवर दिसतं.

ही यादी परत एकदा वाचा. यातल्या निम्म्या गोष्टी दोष शोधण्यासाठी आहेत. उरलेल्या निम्म्या गोष्टी दोष कुणी लपवलाय का, हे शोधण्यासाठी आहेत. गरम इंजिन हा दोष नाही. नवा रंग, पुट्टी, झिजलेल्या पेडलवर चढवलेलं नवं रबर, हेही दोष नाहीत. जुन्या गाडीला खोड असणारच, त्यात विकणाऱ्याची काही बेइमानी नाही. बेइमानीचा प्रश्न सुरू होतो तो खोडीवर पांघरूण घालताना. आणि त्याच्या अलीकडे एक अवघड जागा आहे: पांघरूणही घातलं नाही आणि सांगितलंही नाही.

गेवराईकडच्या एका गावात आम्ही असाच एक ट्रॅक्टर बघायला गेलो होतो. मालक साठीचे, बोलायला मऊ. चहा झाला. माझा चुलतभाऊ इंजिनाला हात लावून म्हणाला, “आबा, सकाळीच चालू केलता का?” आबा म्हणाले, “व्हय, जरा पाणी दिलं उसाला.” ते खरंही असेल. मग ट्रॉलीखाली शिरल्यावर हुकाजवळ एक ताजं वेल्डिंग दिसलं. दादाने विचारलं तेव्हा आबांनी सगळं सांगितलं: कधी तुटलं, कुणाकडून जोडून घेतलं, किती खर्च आला. एक शब्द लपवला नाही. निघताना मी त्यांना म्हटलं, “आबा, आम्ही खाली शिरलो नसतो तर?” ते शांतपणे म्हणाले, “इचारलं नसतं तर मी कशाला सांगू बाबा? बाजारात कुणी आपल्या बैलाची खोड सांगत आसतंय का?”

आबांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्याच्या मागे मोठी परंपरा उभी आहे. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात जाऊन बघा. घेणारा बैलाचं तोंड उघडून दात मोजतो, चालवून बघतो, शेपटापासून खुरापर्यंत हात फिरवतो. कारण ते त्याचं काम आहे, असं दोघांनीही धरलेलं असतं.

कायदासुद्धा बराचसा आबांच्या बाजूचा आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 17 सांगतं की नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. त्याखाली उदाहरणं दिली आहेत आणि ती घोड्याची आहेत. एकाने लिलावात घोडा विकला. घोड्यात खोड आहे हे त्याला माहीत होतं, तो काही बोलला नाही. ही फसवणूक नाही. पण पुढची दोन उदाहरणं वाचली की गंमत कळते. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे खोड सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा जर म्हणाला, “तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला आहे असं धरतो,” आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलल्यासारखंच आहे.

म्हणजे गप्प बसण्याचा हक्क कायद्यानेही सरसकट दिलेला नाही. समोर कोण आहे, यावर तो अवलंबून आहे. मग प्रश्न असा होतो, की समोरचा आपला कोण?

हा वाद फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरोने इसवी सनापूर्वी 44 मध्ये कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक माणूस घर विकतोय. घराचं लाकूड कुजकं आहे, खोल्यांमध्ये साप निघतात, आणि हे फक्त मालकाला माहीत आहे. त्याने सांगावं का? डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, घ्या म्हणून कुणी बळजबरी केली नाही, बघून घ्यायचं होतं. अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं जर वाईट, तर जाणूनबुजून माणसाला खड्ड्यात जाऊ देणं त्याहून वाईट. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने उभा राहतो. त्याचं म्हणणं असं, की गप्प राहणं वेगळं आणि स्वतःच्या फायद्यासाठी समोरच्याला अंधारात ठेवणं वेगळं.

मला अँटिपेटर पटतो, पण आबांची बाजू टाकून देता येत नाही. आबाही काही सावकार नाहीत. त्यांना ट्रॅक्टर विकावा लागतोय म्हणजे काहीतरी अडलेलं असणार. खोड सांगितली की भाव पडतो. दुसरा कुणी सांगत नाही, मग खरं बोलणाऱ्यानेच नुकसान का सोसावं? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर हेच दाखवून दिलं. कुठली गाडी चांगली आणि कुठली खराब हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच कमी भाव देतो. मग चांगली गाडी असणारा बाजारातून निघून जातो आणि खराब गाड्या उरतात. 2001 मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते या आणि अशाच कामासाठी. म्हणजे सगळ्यांनी गप्प राहिल्याचा तोटा शेवटी विकणाऱ्यालाही होतो. पण ज्याला या आठवड्यात पैसे हवेत, त्याला हे सांगून उपयोग नाही.

माझ्या मते आबांच्या म्हणण्यात खरी अडचण दुसरीच आहे. बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम, या नियमात एक गोष्ट धरून चाललेली असते: ज्याला बघायची संधी होती, तोच नुकसान सोसणार. बैलाच्या बाजारात हे बरंचसं खरं आहे. पण ट्रॉलीच्या सौद्यात? हूक तुटला तर ट्रॉलीत कोण असतं? ज्या बाईने कधी तो हूक बघितला नाही ती, आणि गोधडीत झोपलेली तिची लेकरं. ती सौद्याला नव्हती. त्यांनी भाव केला नाही, त्यांना कुणी गाडीखाली शिरू दिलं नाही. बघून घ्यायचं होतं, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

खोड लपवल्याने ती नाहीशी होत नाही. तिचा भार फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, तोही त्याला न कळता. कळलं असतं तर त्याने वेगळं वेल्डिंग करून घेतलं असतं, कमी माणसं बसवली असती, निदान उतारावर सावध राहिला असता. म्हणून माझी वाटणी अशी आहे. ज्या खोडीने फक्त पैसा जातो, बॅटरी, क्लच, सीट, रंग, तिथे गप्प बसून भाव करा, मी नाक मुरडणार नाही. ज्या खोडीने जीव जाऊ शकतो, ब्रेक, स्टेअरिंग, हूक, चासीचा तडा, फुटायला आलेला टायर, ती न विचारता सांगायची. तिथे विचारलं नाही ही सबब चालत नाही.

ही रेघ सगळीकडे सरळ पडत नाही, हे मला दिसतं. उचल घेऊन गेलेल्या माणसाचा ट्रॅक्टर हंगामाच्या मध्यात बसला, तर उचल फिटत नाही, पुढचं वर्षही त्यातच जातं. गरिबाच्या बाबतीत पैशाची खोडही हळूहळू जीवापर्यंत पोचते. पण रेघ थोडी वाकडी आहे म्हणून ती मारूच नये, असं मला वाटत नाही.

आता घेणाऱ्याचंही बोलू. विकणाऱ्याने खरं सांगितलं की त्याच खऱ्याचा दांडका करून भाव निम्म्यावर आणणारे मी बघितलेत. असा माणूस विकणाऱ्याला एकच गोष्ट शिकवतो: पुढच्या वेळी गप्प बस. खरेपणाला थोडी किंमत मोजायची तयारी नसेल, तर खरेपणाची अपेक्षा कशाला? दुसरं असं, की पैसे दिले, गाडी आणली आणि नाव बदलायचं राहू दिलं, हे आमच्याकडे सर्रास चालतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो, गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे नाव न बदलणारा घेणाराही विकणाऱ्याच्या गळ्यात एक न सांगितलेली खोड अडकवूनच जातो.

मोबाईलमध्ये कागद दिसतात, चलन दिसतं, विमा दिसतो. चासीचा तडा दिसत नाही. तो एकाच माणसाला माहीत असतो आणि तो तुमच्या समोर चहा पीत बसलेला असतो. म्हणून सगळं तपासून झाल्यावर मी हल्ली चारचौघांत दोन वाक्यं बोलतो. पहिलं कायद्यातलं: “आबा, तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर हूक-ब्रेक चांगले आहेत असं आम्ही धरतो.” दुसरं माझं: “या ट्रॉलीत तुमची नातवंडं बसवाल का?”

पहिल्या वाक्याला पटकन “हो” येतं. दुसऱ्याला उत्तर यायला वेळ लागला, तर मी दादाला म्हणतो, परत एकदा खाली शिर.