गट नंबरातली तिरपी रेष

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, म्हणजे बारामती-इंदापूरकडे, जमीन गट नंबराने ओळखली जाते. वाटण्या होतात तसे नंबराला पोटहिस्से फुटतात. समजा, 112 चा 112/2 झाला. ऊसनोंदीची प्रणाली लिहिणाऱ्याने सातबाऱ्याची प्रत याच नावाने साठवायची म्हटली, तर संगणक 112 हा फोल्डर समजतो आणि 2 ही त्यातली फाइल. युनिक्सने ही तिरपी रेष फोल्डर वेगळे करायला घेतली. 1983 साली एमएस-डॉसच्या 2.0 आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा तीच रेष आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीपासून वापरात होती, म्हणून तिथे उलटी रेष आली. विंडोजला आज बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात. लिनक्सला मात्र उलटी रेष म्हणजे नावातलेच एक अक्षर.

हा घोळ निदान लगेच लक्षात येतो. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला घोळ डोळ्यांना दिसतच नाही. त्यातला ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो, ‘र’ला नुक्ता देऊनही लिहिता येतो, आणि काही कीबोर्ड ‘र’, हलन्त व एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून तोच आकार उमटवतात. मॅकची जुनी फाइल व्यवस्था पहिला प्रकार मोडून दुसऱ्यात साठवत असे. लिनक्सला या तीन वेगवेगळ्या फायली वाटतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा तरीही वेगळाच उरतो. त्यासाठी नियम आपल्यालाच लिहावा लागतो. शिवाय लिनक्सवर नावाची मर्यादा सहसा 255 बाइटांची असते आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, 3 बाइट घेते. म्हणजे 85 चिन्हांत नाव संपले. विंडोजवर बिनतक्रार चाललेले लांबलचक नाव सर्व्हरवर अडते ते इथे.

यावर ‘नावे इंग्रजीत ठेवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. कारखान्यासाठी ऊसनोंद करणाऱ्या चिटबॉयने शेतावर उभे राहून ज्या नावाने नोंद केली, तेच नाव त्याला परत दिसले पाहिजे. यंत्रांमधल्या फरकाचा भार त्याच्यावर का? गट नंबर, गाव, खातेदार ही माहिती डेटाबेसमध्ये जशीच्या तशी राहावी आणि डिस्कवरच्या फाइलला प्रणालीने स्वतः दिलेला साधा क्रमांक असावा. फाइलचा पाथ, म्हणजे तिच्यापर्यंतचा पत्ता, अक्षरे चिकटवून बनवू नये. पायथनमध्ये 3.4 आवृत्तीपासून पाथलिब त्यासाठीच आहे. आणि पाथ प्रकल्पाच्या मूळ फोल्डरपासून मोजावा. ‘सी’ ड्राइव्हपासून सुरू होणारा पाथ लिहिणाऱ्याने आपलाच संगणक सगळ्यांचा धरलेला असतो.

जुन्या फायली विंडोजवरून लिनक्सवर नेण्याआधी एक काम मात्र हातावेगळे करावे. प्रोग्राममध्ये जिथे जिथे फाइलचे नाव लिहिले आहे, ते डिस्कवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे. रोमन नावांतला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक विंडोज पोटात घालते, लिनक्स घालत नाही. तिथे फाइल समोर असूनही ‘सापडली नाही’ असेच उत्तर येते.