याले जेवू कोन घालते?

नागपूरहून समुद्र पाचशे किलोमीटरपेक्षा दूर. तरी मनीषनगरातल्या एका तरुणाने दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. लिटरमागे 35 ग्रॅम मीठ, खडकांची रचना, दोन केशरी क्लाउनफिश. प्रवाळही हवे होते, पण दुकानदाराने साफ नाही म्हटले. दगडी प्रवाळाला 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाच्याच पंगतीत. दुकानदाराने योग्य तेच केले.

थोड्या आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर आला. नव्या टाकीत तो येतोच, पाण्यातली सिलिका संपली की जातो. इथे तो गेला आणि खडकांवर केसांसारखे हिरवे शेवाळ लोंबू लागले. तरुणाने शेवाळ मारायचे औषध आणून ओतले. शेवाळ दोन दिवसांत पांढरे पडले आणि टाकीतच कुजले. कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढला गेला, मासे वर येऊन तोंड उघडू लागले. पंधरवड्यात शेवाळ पहिल्यापेक्षा दाट उगवले.

त्याच सुमारास अर्जुनी मोरगावहून त्याचे आबाजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले. जातीने ढिवर, सारा जन्म तलावावर गेलेला. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर ते टाकीसमोर खुर्ची टाकून दिवसभर बसले. रात्री नातवाला म्हणाले, "बाबू, याले जेवू कोन घालते?"

"मीच घालतो ना, आबाजी. सकाळ-संध्याकाळ."

"मासोळीचं नाही इचारून राहिलो. या गवताचं इचारतो."

नातवाला उत्तर सुचेना. आबाजींनी खाद्याचा डबा हलवून दाखवला. दोन मासे, आणि डबा महिन्यात अर्धा. उरलेले खाद्य खडकांच्या फटीत कुजते, त्याचे नायट्रेट आणि फॉस्फेट होते, आणि शेवाळ त्यावरच पोसते. शिवाय उन्हाळ्यात टाकीचे पाणी झपाट्याने उडे. मीठ मागेच राहते, म्हणून भर गोड्या पाण्याची घालावी लागते, हे नातवाला ठाऊक होते. पण तो नळाचे पाणी घाली. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. नळातून आलेले क्षार टाकीतच साचत जातात.

आबाजींना ही रसायने माहीत नव्हती. त्यांना तलावात माजणारी बेशरम ही वनस्पती माहीत होती. पूर्व विदर्भातले तलाव कोहळी लोकांनी बांधले, पुढे ते मालगुजारांकडे गेले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि पुष्कळ तलावांना वाली उरला नाही. गाळ साचला, काठावर बेशरम माजली. तिला जनावर तोंड लावत नाही. वरून छाटली की दुप्पट फुटते. मनीष राजनकर यांच्यासारखे कार्यकर्ते ढिवरांसोबत बसले, जुन्या माणसांना विचारून तलावातल्या मूळ वनस्पतींची ओळख जमवली. मग बेशरम मुळासकट उपटली, तळ नांगरला आणि तिथे देशी पाणवनस्पती लावल्या. मासळी परतली. मला या कामाचे मोल फार वाटते, कारण ज्ञान ज्यांचे होते त्यांनाच इथे विचारले गेले.

"उपटून जागा रिकामी ठेवली तं ते परत येते," आबाजी म्हणाले. "तिथं आपल्या कामाचं काही लावा लागते. मंग तेच खाते सारं."

नातवाने औषधाची बाटली बाजूला ठेवली. शेवाळ हाताने उपटून टाकीबाहेर काढले, कुजायला आत सोडले नाही. खाद्य दिवसातून एकदा आणि चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढेच. भर आरओच्या पाण्याची. दिवा आठ तास. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे. आणि टाकीखालच्या पेटीत, वेगळ्या दिव्याखाली, कीटोमॉर्फा नावाचे तारांच्या गुंत्यासारखे शेवाळ लावले. तेही शेवाळच, पण ते खडकाला चिकटत नाही. पाण्यातले नायट्रेट-फॉस्फेट पिऊन वाढते आणि मूठभर उपसून फेकले की ते खतही टाकीबाहेर जाते. काट्याने काटा काढणे इथे अक्षरशः घडते.

पहिला महिना काहीच फरक दिसला नाही. नातू अस्वस्थ होऊन पुन्हा बाटलीकडे वळला, तेव्हा आबाजींनी एवढेच सांगितले की त्यांच्या तलावाला एक पावसाळा पुरला नव्हता. ही वाट पाहणेच नवशिक्याला सर्वांत जड जाते, आणि पुष्कळ टाक्या तिथेच मोडतात. दुसऱ्या महिन्यात केस विरळ झाले, तिसऱ्यात खडकांवर जांभळट थर चढू लागला. तो चुनखडी शेवाळाचा, टाकी रुळल्याची खूण.

काचेवर हिरवट छटा अजून आहे आणि ती राहीलच. तेवढी पुसू नये. टाकीतल्या गोगलगायींचे पोट तिच्यावरच चालते.