कौल

परगांवच्या मनुष्यानें आपल्या गांवीं येण्यापूर्वीं "तिकडे आतां सारें ठीक आहे ना?" असें विचारलें, तर त्याला उत्तर देणें हें वरवर पाहतां अगदीं साधें काम आहे. ठीक असेल तर हो म्हणावें, नसेल तर नाहीं म्हणावें. यांत नीतीचा प्रश्न तो कोणता, असें कोणीही म्हणेल. मलाही तसेंच वाटत असे. परंतु २०२३ सालच्या जून महिन्यांत एकाच आठवड्यांत हा प्रश्न मला दोघांनीं विचारला, आणि त्या दोघांना मला एकच उत्तर देतां आलें नाहीं.

त्या वेळची हकीकत थोडक्यांत अशी. शिवराज्याभिषेकदिनाच्या सुमारास कांहीं तरुणांनीं मोबाईलवर आक्षेपार्ह मजकूर ठेवल्याची वार्ता कोल्हापुरांत पसरली. ७ जून रोजीं शहर बंद ठेवण्याची हांक देण्यांत आली. शिवाजी चौकांत मोठा जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनीं लाठ्या चालविल्या, अश्रुधूर सोडला, आणि अफवा पसरूं नयेत म्हणून इंटरनेट बंद करण्यांत आलें. पुढें थोड्याच दिवसांत दुकानें उघडलीं, महाद्वार रोडवर पूर्वीसारखी वर्दळ सुरू झाली, आणि अंबाबाईच्या दर्शनाची रांग पुन्हां लांबली.

याच दिवसांत पुण्याच्या एका स्नेह्यांनीं विचारलें, "आम्ही सहकुटुंब देवीला येणार होतों; यावें ना?" मी क्षणाचाही विलंब न लावतां म्हणालों, "खुशाल या. इथें आतां कांहीं नाहीं." दुसऱ्याच दिवशीं सोलापूरकडील माझ्या एका जुन्या मित्राचा फोन आला. कॉलेजांत असतांना आम्ही एका खोलींत राहिलों. तो मुसलमान आहे, शाळेंत मराठी शिकवितो, आणि प्रतिवर्षीं शाळा उघडण्यापूर्वीं चार दिवस आमच्याकडे येऊन राहतो. त्यानेंही तेंच विचारलें, "काय रे, येऊं ना?" "खुशाल ये" हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले आणि तेथेंच थांबले.

शहर तेंच, दिवस तेच, मजजवळची माहितीही तीच. मग उत्तर निराळें कां व्हावें? माझें उत्तर ही केवळ शहराची खबर असती तर ती दोघांना सारखीच लागू पडली असती. याचा अर्थ एवढाच कीं, पुण्याच्या स्नेह्यांना मीं जी सांगितली ती शहराची खबर नव्हतीच. शहरांत त्यांचें स्थान काय, याची ती खबर होती. "गांव शांत आहे" हें वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरें असलें तरी अर्थदृष्ट्या अपुरें आहे. कोणासाठीं शांत, हा शब्द त्यांत नेहमींच गाळलेला असतो. आणि ज्याला तो गाळलेला शब्द शोधावा लागत नाहीं, तो सुखी मनुष्य होय.

हें सुख कोणा एका जातीला किंवा धर्माला कायमचें बहाल झालें आहे, असेंही नाहीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतरच्या दिवसांत दक्षिण महाराष्ट्रांत ब्राह्मणांचीं घरें जाळलीं गेलीं. कोल्हापूरही त्यांतून सुटलें नाहीं. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्याच वणव्यांत जळाला. त्या फेब्रुवारींत माझ्यासारख्या ब्राह्मणानें "कोल्हापुरास यावें काय?" असें विचारलें असतें, तर उत्तर देणाऱ्याची जीभ माझ्यासारखीच अडखळली असती. आज धीर देणारा उद्यां धीर मागणारा होऊं शकतो, एवढें जरी आपण ध्यानांत ठेविलें तरी आपल्या बोलण्यांतील उतावीळपणा पुष्कळसा कमी होईल.

यावर एक आक्षेप असा घेतां येईल कीं, इतकी चिकित्सा करावयाची तर कोणीच कोणाला बोलावूं नये. मग चप्पल लाईनींतल्या दुकानदारानें, लॉजवाल्यानें, रिक्षावाल्यानें काय करावें? हा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाहीं. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें दहशतवाद्यांनीं सव्वीस जणांना ठार मारलें. त्यांत महाराष्ट्रांतून गेलेले प्रवासीही होते. त्यानंतर काश्मीरकडे पर्यटकांनीं पाठ फिरविली, तेव्हां ज्यांची चूल विझली ते शिकारेवाले आणि घोडेवाले त्या कृत्याचे गुन्हेगार नव्हते. किंबहुना पाहुण्यांना वांचवूं पाहणारा एक स्थानिक घोडेवाला त्या सव्वीस जणांतच पडला. "जाऊं नका" असें सरसकट सांगणें म्हणजे निरपराध्यांना दंड करणें होय. आणि भीति उत्पन्न करणें हाच ज्यांचा हेतु होता त्यांचें काम आपल्या हातानें पुरें करणेंही होय. पण म्हणून "या, कांहीं होत नाहीं" हें सरसकट सांगणें खरें ठरतें असें नव्हे. भविष्य कोणाच्याच हातीं नसतें. २०२३ मध्यें मीं माझ्या मित्राला "आतां सारें मिटलें" असें सांगितलें असतें, तर १४ जुलै २०२४ रोजीं मला मान खालीं घालावी लागली असती. त्या दिवशीं विशाळगडावरील अतिक्रमणांविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळीं वाटेवरील गजापुरांत घरांची, वाहनांची व मशिदीची मोडतोड झाली.

तर मग येऊं नका म्हणणें अन्यायाचें, आणि कांहीं होणार नाहीं म्हणणें असत्य. या दोहोंच्या मधली वाट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती असें मला वाटतें, आणि तिला त्यांनीं नांवही दिलें होतें. स्वाऱ्यांनीं वा दुष्काळानें गांव ओस पडला म्हणजे परागंदा झालेल्या रयतेनें परत यावें म्हणून मराठी राज्यांत कौल दिला जाई. नवी पेठ वसवावयाची असली म्हणजे व्यापाऱ्यांनाही कौल मिळे. या कौलांत "मुलूख आतां शांत आहे" एवढेंच म्हणून भागत नसे. सारा पहिलीं कांहीं वर्षें हलका राहील व पुढें क्रमाक्रमानें चढेल, अमुक उपद्रव सरकारांतून लागणार नाहीं, अशीं देणाऱ्यानें स्वतःवर बांधून घेतलेलीं कलमें त्यांत असत. कौल हें वर्तमानपत्र नव्हे, तें वचनपत्र आहे. खबर देणारा मनुष्य जगाविषयीं बोलतो; कौल देणारा स्वतःविषयीं बोलतो. पहिल्याचें म्हणणें खोटें ठरलें तर तो "मला काय ठाऊक?" म्हणून मोकळा होतो, दुसऱ्याला तशी सोय नसते.

राजर्षि शाहू महाराजांनीं हा भेद आपल्या कृतीनें दाखविला आहे. गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानलेल्या गृहस्थानें कोल्हापुरांत चहाचें दुकान काढलें, तेव्हां तेथें चहा पिण्यास प्रत्यवाय नाहीं असा हुकूम काढून महाराजांना स्वस्थ बसतां आलें असतें. त्यांनीं तसें न करतां त्या दुकानापुढें स्वतःची गाडी थांबविली, तेथला चहा मागविला, स्वतः घेतला आणि बरोबरच्यांनाही घ्यावयास लावला. हुकुमानें कांबळ्यांना जो धीर आला नसता तो या एका पेल्यानें आला असेल, कारण त्यांत देणाऱ्यानें आपली प्रतिष्ठाही पणाला लावली होती.

आपण राजे नाहीं, आणि शहराच्या शांततेचा मक्ताही आपल्याकडे नाहीं. परंतु आपल्या कुवतीपुरता कौल प्रत्येकाला देतां येतो, असें माझें मत झालें आहे. त्या दिवशीं फोनवर बराच वेळ थांबून मीं मित्राला सांगितलें, "गांवाविषयीं मी कांहीं सांगूं शकत नाहीं. मी स्टँडवर येईन, तूं परत जाईपर्यंत तुझ्याबरोबर असेन, आणि आपण दोघे नेहमींसारखे उघडपणें हिंडूं. एवढेंच माझ्या हातांत आहे."

तो हंसला. म्हणाला, "तूं स्टँडवर येशील हें का मला ठाऊक नाहीं? पण यंदा राहूं दे. मी आलों-गेलों म्हणजे मागाहून गल्लींत तुला कोणी कांहीं बोलेल, तें नको."

मी त्याला अभय देऊं पाहत होतों, आणि तो मात्र माझ्या काळजींत होता. मला त्यावर बोलण्यासारखें कांहीं सुचलें नाहीं.

पुढल्या वर्षीं मे महिन्यांत तो आला. ठरल्याप्रमाणें मी स्टँडवर गेलों होतों. गांव ठीक आहे कीं नाहीं हें त्यानें विचारलें नाहीं, आणि मींही सांगितलें नाहीं. संध्याकाळीं गल्लीच्या तोंडाशीं जी टपरी आहे, जेथें आमचे सगळे शेजारीपाजारी बसलेले असतात, तेथें जाऊन आम्ही दोघे चहा प्यालों.