छप्पर उसकणाऱ्यांचा विश्वास

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात विश्वासाची व्याख्या सापडत नाही. इसवी सन ७०च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात विश्वास दिसतो तो माणसांच्या हातापायांत.

कफर्णहूम गावातल्या एका घरात येशू बोलतो आहे, दारापर्यंत गर्दी. चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेवरून आणतात. वाट मिळत नाही, म्हणून वर चढून छप्पर उसकतात आणि बाज खाली सोडतात. तिथली छपरं तुळयांवर फांद्या पसरून वर माती थापलेली असत. खालच्यांच्या अंगावर माती नक्कीच पडली असेल. चौघांपैकी कुणाच्या तोंडी एकही शब्द नाही. तरी मार्क सांगतो, येशूला त्यांचा विश्वास दिसला. एकट्या आजाऱ्याचा नव्हे, त्याला उचलून आणणाऱ्यांचाही. दुसऱ्याच्या दुखण्यासाठी केलेली धडपड विश्वासात जमा होते, हे मला या ग्रंथाचं मोठं धाडस वाटतं.

येशूच्या सतत सोबत राहणारे शिष्य मात्र समुद्रातल्या वादळाने गांगरतात आणि त्यांनाच विश्वासाबद्दल बोल ऐकावे लागतात.

नवव्या अध्यायातला बाप तर विसरता येत नाही. मुलाला लहानपणापासून झटके येतात, तो विस्तवात पडतो, पाण्यात पडतो. शिष्यांनी हात टेकलेले. तो येशूपुढे ओरडून आपला विश्वास सांगतो आणि त्याच दमात आपल्या अविश्वासावर मदत मागतो. येशू त्याला आधी मन पक्कं करून ये म्हणत नाही. मुलगा बरा होतो.

हे वाचल्यावर, मूल गमावलेल्या आईबापांना ‘तुमची श्रद्धाच कमी पडली’ असं सुनावणाऱ्यांचा मला फार राग येतो. कोणत्याही धर्माच्या घरात हे ऐकू येतं, आणि ते क्रूर आहे. मार्कचा आधार तरी त्याला मिळणार नाही. कुणी येशूच्या गावाकडे, नासरेथकडे बोट दाखवील: तिथं येशूला फारसं काही करता आलं नाही आणि लोकांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटलं, असं मार्कच लिहितो. पण तो अविश्वास पीडितांचा म्हणून सांगितलेला नाही. हा तर आपल्यातलाच सुतार, याच्या बहिणी इथंच राहतात, असं म्हणून ओळखीच्या माणसाला हिणवणाऱ्या गावकऱ्यांचा तो आहे. आणि त्या गावातही त्याने थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलंच.