पोटाला सवय होत नाही

रक्ताचं काही वाटत नाही, असं बहुतेक जुन्या सिस्टर सांगतात. मग कशाचं वाटतं, असं विचारलं की प्रत्येकीचं उत्तर वेगळं. एकीला सक्शन नको वाटतं. घशातल्या नळीतून कफ ओढताना होणारा तो खरखराट आणि बाटलीत तारेसारखा लोंबणारा चिकट बेडका. दुसरी सक्शन सहज करते, पण पेशंटची कवळी धुताना तिच्या अंगावर काटा येतो. तिसरीला अळ्या सोसत नाहीत. मधुमेहानं सडलेल्या पायाच्या जखमेत टर्पेंटाइन सोडलं की गुदमरलेल्या अळ्या वर येतात आणि चिमट्यानं एकेक उचलावी लागते. वीस वर्षांच्या नोकरीनंतर हात न थरथरता ते करतात, पोटात मात्र ढवळतंच.

वासाचं त्या मानानं बरं. नाक काही मिनिटांत सरावतं, शिवाय मास्कला आतून थोडं विक्स लावता येतं. तोंडाच्या कॅन्सरच्या जखमेवर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड टाकली की दुर्गंधी निर्माण करणारे जंतूच मरतात. त्यानं पेशंटलाही मोठा दिलासा मिळतो, कारण आपल्या वासानं घरची माणसं दूर बसतात हे त्याला कळत असतं.

खरी परीक्षा चेहऱ्याची. आक्रसलेलं नाक आणि वर उचललेला ओठ ही किळसेची खूण डार्विननं १८७२ च्या ग्रंथात नोंदवली. ती ओळखायला पेशंटला कुठलाही ग्रंथ लागत नाही. स्वतःच्या शरीराची आधीच लाज वाटणारा माणूस ड्रेसिंग चालू असताना जखमेकडे बघत नाही, सिस्टरच्या भुवयांकडे बघतो. त्या जागच्या जागी ठेवणं हे मला नर्सिंगमधलं सगळ्यात अवघड काम वाटतं, आणि केसपेपरवर त्याची नोंद कुठेच नसते.

यावर वॉर्डातल्या बायकांनी आपसात एक तोड काढलेली आहे. ‘तू माझ्या पेशंटचं सक्शन कर, तुझं ड्रेसिंग मी करते.’ कुणाला ही कामचुकारी वाटेल. मला हा शहाणपणा वाटतो. पेशंटच्या वाट्याला शांत चेहरा येतो आणि दोघींनाही मन मारावं लागत नाही. किळस येताच कामा नये, असं विद्यार्थिनींच्या मनावर ठसवण्यापेक्षा ही अदलाबदल त्यांना उघडपणे शिकवावी. नाहीतर त्या किळस लपवत राहतात आणि ते काम शक्य तितकं पुढे ढकलतात.

पण अदलाबदलीला दुसरी सिस्टर हवी. भरलेल्या वॉर्डात रात्रपाळीला एकटीच असेल तर ती कुणाला सांगणार? परिचारिकांच्या संघटना रिकाम्या जागा भरा म्हणतात, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर इंजेक्शनं आणि सलाइनच्या बाटल्या येतात. अळ्या काढून झाल्यावर पाच मिनिटं गॅलरीत उभं राहता यावं आणि तेवढा वेळ वॉर्डाकडे कुणीतरी बघावं, हेही त्या मागणीत येतं.