स्वच्छ इंधनाची साधनशुचिता

नामिबियाच्या दक्षिणेला ल्युडेरिट्झ नावाचं जुनं बंदर आहे. त्याला खेटून असलेलं शार्क बेट आता भराव घालून जमिनीला जोडलेलं आहे. १९०५ ते १९०७ या काळात जर्मन वसाहतीच्या लष्कराने तिथे नामा आणि हेरेरो लोकांची छळछावणी चालवली. पोटात अन्न नाही, अंगावर धड कपडा नाही, वर अटलांटिकचा बोचरा वारा आणि वेठबिगारी. हजाराहून अधिक कैदी तिथे मेले. काही अंदाज तीन हजारांपर्यंत जातात. जर्मनीने त्या काळातल्या कत्तलींना वंशसंहार म्हणून मान्यता दिली ती थेट २०२१मध्ये.

त्याच वर्षी नामिबिया सरकारने या भागातल्या हरित हायड्रोजन प्रकल्पासाठी हायफन या कंपनीची निवड केली. उद्दिष्ट वर्षाला साडेतीन लाख टनांचं, त्यातल्या बहुतेक हायड्रोजनचा अमोनिया करून निर्यात करायची. गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांसमोर युरोप, त्यातही जर्मनी. ज्या वाऱ्यात कैदी गारठून मेले, तोच वारा आता भांडवल ठरला आहे.

निर्यात करायची तर बंदर वाढवावं लागेल. नामा नेत्यांचं म्हणणं असं, की बेटाभोवतीच्या पाण्यात त्यांच्या पूर्वजांचे अवशेष आहेत. तिथे बांधकाम नको.

हायड्रोजन जळला की पाणीच उरतं, म्हणून तो निर्मळ मानला जातो. पण वीज वापरून पाण्यातून तो वेगळा काढताना किलोमागे किमान नऊ लिटर शुद्ध पाणी आणि पन्नासएक युनिट वीज लागते. साडेतीन लाख टनांसाठी हे पाणी ३१५ कोटी लिटर होतं. भोवती वाळवंट, म्हणजे ते समुद्रातूनच काढायचं आणि उरलेलं खारट पाणी परत समुद्रात सोडायचं. याच किनाऱ्यावर शेवंडांची मासेमारी चालते. या विजेसाठीच्या पवनचक्क्या आणि सौरपट्ट्यांची जागा राष्ट्रीय उद्यानात आहे, आणि तिथल्या रसाळ पानांच्या कित्येक वनस्पती जगात इतरत्र सापडत नाहीत. शिवाय हा वायू फार हलका, सहज गळतो. हवेत मिथेनचा नाश करणारे घटक तो खाऊन टाकतो. त्यामुळे शंभर वर्षांच्या हिशोबात त्याची तापमानवाढ तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या अकरापट भरते.

म्हणून हायड्रोजन नकोच, असं म्हणणं मात्र बेजबाबदारपणाचं होईल. खतांसाठी आज तो मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो आणि त्या प्रक्रियेत धुराड्यातून प्रचंड कार्बन सुटतो. ही पद्धत बदलायलाच हवी. विजेचा मोठा हिस्सा आयात करणाऱ्या नामिबियाला रोजगार आणि स्वतःची ऊर्जा हवी आहे, हेही रास्तच.

प्रश्न साधनशुचितेचा आहे. साध्य चांगलं असलं की साधनांचा हिशोब माफ होतो का? गांधी आणि विनोबा याचं उत्तर ठामपणे ‘नाही’ असं देत. ऊर्जा स्वस्त झाली की ही कसोटी आणखी कठीण होते, कारण स्वस्त वस्तूचा वापर वाढतो. वाफेची इंजिनं काटकसरी झाली तसा इंग्लंडमधला कोळशाचा खप वाढत गेला, हे अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५मध्येच दाखवलं होतं. हायड्रोजन स्वस्त झाला तर तो जिथे दुसरा पर्याय नाही तिथेच वापरला जाईल, याची हमी बाजारभाव देत नाही.

नाझी राजवटीमुळे देश सोडलेला जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास याने १९७९च्या आपल्या ग्रंथात मांडलं, की तंत्रज्ञानाची ताकद वाढते तशी माणसाची जबाबदारी न जन्मलेल्या पिढ्यांपर्यंत पोचते. ल्युडेरिट्झमध्ये ती मागेही पोचते. उद्याच्या नातवंडांची हवा शुद्ध राहावी म्हणून कालच्या मृतांची विश्रांती मोडायची, हा सौदा त्या मृतांच्या वंशजांना विचारल्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे बेटाजवळचा समुद्रतळ आधी नीट तपासला जावा, नामा समाजाला नकाराचा खरा अधिकार मिळावा, बंदर दुसरीकडे न्यावं लागलं तर न्यावं. त्याने अमोनिया महाग होईल. तो वाढीव भाव युरोपातल्या खरेदीदाराने द्यावा.